हुद्द्याचे मोल : धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासातील चार दाखले

सुशिक्षित कुटुंबातील मुलाने किंवा मुलीने नवी नोकरी पत्करली म्हणजे वडीलधारी मंडळी दोन प्रश्न हटकून विचारतात. पगार किती, हा पहिला. आणि हुद्दा कोणता, हा दुसरा. यांपैकी कोणत्या प्रश्नास अधिक वजन द्यावे याविषयी मात्र घरोघर दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो की, हुद्द्याचे नाव ही केवळ दारावरची पाटी होय. पाटीने चूल पेटत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, आज पगार थोडा असला तरी चालेल, परंतु हुद्दा मोठा मिळवावा. एकदा हुद्दा मिळाला की उद्याचा मालक त्या हुद्द्याच्या मानाने पगार देतो. दोन्ही पक्षांच्या पदरी अनुभव आहे आणि दोन्ही पक्षांची उदाहरणे खरी असतात. म्हणूनच हा वाद मिटत नाही, आणि ज्यास प्रत्यक्ष मालकासमोर बसून बोलणी करावयाची असतात तो तरुण या दोन उपदेशांच्या मध्ये गोंधळून जातो.

अशा प्रश्नावर नुसता तर्क लढविण्यापेक्षा इतिहासास साक्षीस बोलावणे आम्हांस अधिक फलदायी वाटते. हुद्द्याचे नाव, त्यामागील अधिकार आणि त्याचे वेतन या तीन गोष्टी वर्तमानकाळात एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की त्या निरनिराळ्या करून पाहणे कठीण जाते. शेदोनशे वर्षांचा काळ मध्ये गेला म्हणजे त्या आपोआप सुट्या होतात. यासाठी दूरच्या देशांत न जाता आम्ही धाराशिव जिल्ह्याची निवड केली आहे. हा मुलूख प्रथम अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या सरहद्दीवर होता. पुढे तो हैदराबादच्या निजामाकडे गेला. मध्यंतरी काही वर्षे इंग्रजांच्या हाती राहून पुन्हा निजामाकडे परतला. आणि १९४८ साली भारतीय संघराज्यात आला. इतके अंमल बदलल्यामुळे येथे एकाच कामाची नावे अनेकदा बदलली आणि एकाच नावाखालची कामेही बदलली. हुद्द्याचे मोल तपासण्यास याहून सोयीची भूमी सहसा सापडणार नाही.

पहिला दाखला परंड्याच्या किल्ल्यातील आहे. ऑगस्ट १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, निजामशाहीचा बालराजा कैदेत पडला आणि ते राज्य बुडाले असे सर्वांस वाटले. परंतु राज्याचा मुलूख अद्याप सरदारांच्या हाती होता. त्या सरदारांत मलिक अंबर नावाचा एक हबशी होता. आफ्रिकेतील हबसाण देशात जन्मलेला हा पुरुष लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दक्षिणेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहिला. हा चंगीझखानही पूर्वी गुलामच होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे; गुलामाने राज्याच्या सर्वोच्च हुद्द्यापर्यंत कसे चढावे याचा पाठ अंबरास धन्याच्या घरातच मिळाला. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला. त्याने काही काळ विजापूरकरांची चाकरी केली, ‘मलिक’ हे उपपद त्यास तेथेच मिळाले, आणि पुढे थोड्या स्वारांनिशी तो निजामशाहीत परत आला. १६०० सालापर्यंत त्याच्याभोवती काही हजार स्वारांचा जमाव झाला होता.

येथपर्यंत अंबराजवळ बळ होते, हुद्दा नव्हता. याच स्थितीत दुसराही एक सरदार होता, त्याचे नाव राजू. अंबर आणि राजू या दोघांनी बुडालेल्या राज्याचा मुलूख आपापसांत जवळजवळ वाटून घेतला होता. केवळ फौज पाहिली तर दोघे एकाच पायरीवर उभे होते. भेद पडला तो अंबराच्या पुढील कृतीने. निजामशाही घराण्यातील एक तरुण शोधून काढून त्याने त्यास आपली मुलगी दिली, परंड्यास त्यास दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविले आणि त्याच्याकडून स्वतः पेशवाईची वस्त्रे घेतली. ज्याने राजा केला त्यानेच राजाकडून हुद्दा मागून घ्यावा, हे वरवर पाहता हास्यास्पद वाटेल. अंबराच्या स्वारांची संख्या त्या दिवशी एकानेही वाढली नाही. तथापि दुसऱ्या दिवसापासून विजापूरकरांशी तह बोलताना, फुटून गेलेल्या किल्लेदारांस हुकूम धाडताना, मोगलांशी झुंजताना तो बंडखोर सरदार म्हणून बोलत नव्हता. एका राज्याचा कारभारी म्हणून बोलत होता. किल्लेदारास अंबरापुढे वाकणे मानहानीचे वाटले असते. निजामशहाच्या पेशव्याचा हुकूम उचलण्यात मानहानी नव्हती. राजूजवळ मुलूख होता, परंतु असा हुद्दा नव्हता. १६०७ साली अंबराने त्याचा पाडाव केला, आणि १६१० साली मुर्तजाचा अंत झाल्यावर त्याच्या अल्पवयी मुलास गादीवर बसवून १६२६ मध्ये मरेपर्यंत पेशवेपद आपल्याकडे ठेवले.

या दाखल्याचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. पण आमच्या प्रश्नास तोच अधिक लागू आहे. अंबरामागून पेशवाई त्याचा मुलगा फत्तेखान याजकडे गेली. हुद्दा तोच, गादी तीच, वाडवडिलांचे नावही पाठीशी. परंतु ज्या बळावर बापाने तो हुद्दा उभारला होता ते मुलाजवळ नव्हते. राजानेच त्यास कैदेत घातले. पुढे सुटून त्याने राजाचा घात केला. आणि १६३३ साली दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन करून तो त्यांच्या आश्रयास गेला. बापास ज्या हुद्द्याने पाव शतक तारले त्यानेच मुलास सात वर्षेही सांभाळले नाही. यावरून आम्ही इतकेच काढतो की, हुद्दा बळ उत्पन्न करीत नाही; असलेले बळ तो इतरांस मान्य करण्याजोगे करून देतो. बळ असून हुद्दा नसणे हे राजूचे दुर्दैव, आणि हुद्दा असून बळ नसणे हे फत्तेखानाचे. दोघांचीही अखेर एकाच ठिकाणी झाली.

आता अडीच शतके ओलांडून आपण परंड्याहून नळदुर्गास येऊ. या जिल्ह्यास पूर्वी नळदुर्ग जिल्हा असेच म्हणत. २१ मे १८५३ रोजी निजामास इंग्रजांशी एक तह करावा लागला. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च थकला होता; त्याच्या फेडीसाठी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवकडील हा मुलूख निजामाने इंग्रजांच्या कारभारात दिला. नळदुर्गचा जिल्हा सांभाळण्यास जो अधिकारी नेमण्यात आला त्याचे नाव मेडोज टेलर. मराठी वाचकांस हे नाव ठगांवरील आणि तुळजापूरच्या भूमीवर रचलेल्या ‘तारा’ या कादंबऱ्यांमुळे ठाऊक असेल. आम्हांस येथे त्यांच्या कादंबऱ्यांशी कर्तव्य नाही. त्यांच्या हुद्द्याशी आहे.

टेलर यांचा हुद्दा डेप्युटी कमिशनर असा होता. एका जिल्ह्याचा वसूल, न्याय, पोलीस, रस्ते, तलाव हे सर्व त्यांच्या हाती होते. कंपनीच्या मुंबई इलाख्यात हेच काम कलेक्टर करीत असे. मग एकास कलेक्टर आणि दुसऱ्यास डेप्युटी कमिशनर का म्हणावे? हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता. १७९३ च्या कायद्याने कंपनीच्या हिंदुस्थानातील मोठ्या मुलकी जागा ‘कव्हेनंटेड’ म्हणजे कंपनीशी विशिष्ट करारनामा केलेल्या नोकरांसाठी राखून ठेवल्या होत्या. असा नोकर तरुणपणी विलायतेत नेमला जाई. त्याची बढती, त्याची रजा, त्याचे निवृत्तिवेतन हे सर्व त्या करारात बांधलेले असे. परंतु पंजाबसारखे जे मुलूख मागाहून कंपनीच्या हाती आले तेथे जुने रेग्युलेशन-कायदे जसेच्या तसे लागू केले नाहीत. त्या मुलखांतील जिल्ह्याच्या मुख्यास डेप्युटी कमिशनर हे निराळे नाव दिले गेले, आणि त्या जागी लष्करी अधिकारी अथवा करारनाम्याबाहेरचा मनुष्यही नेमता येत असे. म्हणजे नावातील भेद हा कामातील भेद नव्हता. नोकराच्या पाठीशी कोणता कागद आहे, यातील तो भेद होता.

टेलर यांच्या पाठीशी तो कागद नव्हता. १८०८ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला हा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना एका व्यापाऱ्याच्या पेढीवर काम करण्यासाठी मुंबईस आला. पेढीची स्थिती खालावलेली निघाली, आणि १८२४ साली त्याने निजामाच्या फौजेत जागा पत्करली. कंपनीच्या नोकरीत तो कधीच शिरला नाही. त्याच्या नावामागे कॅप्टन हे पद लागले ते निजामाच्या फौजेतील. कंपनीच्या फौजेतील कॅप्टनास जे हक्क असत ते त्याबरोबर येत नव्हते. १८४१ पासून १८५३ पर्यंत सुरापूर संस्थानाचा कारभार त्यांनी जवळजवळ एकट्याने चालविला. तेथील राजा वयात आल्यावर ते नळदुर्गास आले. येथे त्यांनी जमिनीची मोजणी हाती घेतली, रस्ते बांधले आणि वसुलाची नवी आकारणी बसविली; ही आकारणी रयतेस पूर्वीपेक्षा न्याय्य आणि सरकारास पूर्वीपेक्षा अधिक उत्पन्न देणारी ठरली, असे त्यांच्या कामाविषयी नमूद झालेले आहे. १८५७ च्या धामधुमीत त्यांस वऱ्हाडात बुलढाण्यास पाठविण्यात आले, तेही फौजेची मदत मिळणार नाही असे बजावून; आणि त्यांनी तो मुलूख शांत राखला.

आता त्यांचा हिशेब मांडून पाहा. नामाभिधान जिल्ह्याच्या मुख्याचे, काम जिल्ह्याच्या मुख्याचे, जबाबदारी तर पुष्कळ कव्हेनंटेड अधिकाऱ्यांहून अधिक. परंतु पुढची पायरी त्यांच्या हुद्द्यात लिहिलेली नव्हती. करारनाम्यातला मनुष्य जागेवर नुसता बसून राहिला तरी ज्येष्ठतेने चढत असे. टेलर यांस प्रत्येक चढणीस नव्याने आपली योग्यता सिद्ध करावी लागली. १८६० साली ते निवृत्त झाले. त्यांच्या कामाची कदर होऊन निवृत्तिवेतन आणि पुढे सी.एस.आय. हा बहुमानही त्यांस मिळाला, हे खरे. परंतु ती कदर हुद्द्यातून आलेली नव्हती. मोजणीचे नकाशे, आकारणीचे तक्ते, बांधलेले रस्ते आणि शांत राहिलेला जिल्हा यांची ती कमाई होती. एकाच नावाच्या दोन खुर्च्या शेजारी असल्या तरी एकीच्या मागे जिना आणि दुसरीच्या मागे भिंत असू शकते, हे या दाखल्यावरून स्पष्ट व्हावे. बोलणी करणाऱ्याने खुर्चीचे नाव वाचून न थांबता तिच्या मागे काय आहे तेही पाहावे.

सरकारासही ही भिंत नावाने झाकता येत असे. कव्हेनंटेड आणि अनकव्हेनंटेड हे शब्द हिंदी नोकरांस बोचू लागले तेव्हा १८८६ साली सर चार्लस एचिसन यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन बसले. त्याने हे दोन्ही शब्द टाकून इंपीरियल, प्रॉव्हिन्शियल आणि सबॉर्डिनेट अशी नवी वर्गवारी सुचविली. शब्द गेले, परंतु वरचा वर्ग बहुतांशी गोऱ्यांचा आणि खालचे दोन हिंदी लोकांचे, ही वस्तुस्थिती त्यायोगे बदलली नाही. कानास गोड लागणारे नवे नाव हे जुन्या तक्रारीचे उत्तर असतेच असे नाही, हे आमच्या आजोबा-पणजोबांनी त्या वेळीच ओळखले होते.

तिसरा दाखला याच जिल्ह्याचा, परंतु नेमका उलट आहे. १८६० च्या तहाने धाराशिवचा मुलूख निजामास परत मिळाला. त्या वेळी हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग हे होते. १८५३ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांच्याकडे दिवाणगिरी आली आणि १८८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. त्यांच्यापूर्वी निजामाच्या राज्यात तालुकदार या नावाचा जो मनुष्य असे तो वस्तुतः सरकारी नोकर नव्हता. तो इजारदार होता. सरकारास ठराविक रक्कम देण्याचे कबूल करून तो तालुक्याचा वसूल मक्त्याने घेई, आणि वर जे काही रयतेकडून निघेल ते आपल्या घरात ठेवी. दुसऱ्या कोणी अधिक रकमेची बोली केली की त्याचा तालुका जाई. आपण येथे किती दिवस आहो याचा भरवसा नसल्यामुळे जितके लवकर उकळता येईल तितके उकळावे, हाच त्या धंद्याचा नियम होता. तालुकदार हे नाव भारदस्त खरे. परंतु त्याच्यापुढे रयत थरथर कापे ती त्या भारदस्तपणामुळे नव्हे, त्याच्या मक्त्यामुळे.

सालारजंगांनी ही पद्धती मोडून वेतन घेणारे अधिकारी नेमण्यास आरंभ केला, आणि १८६५ साली जिल्हाबंदी म्हणून प्रसिद्ध असलेली व्यवस्था अमलात आणली. राज्याचे जिल्हे पाडले, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार, आणि तालुक्यावर तहसीलदार अशी उतरंड लावली. या सर्वांस ठरीव पगार मिळू लागला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, सालारजंगांनी नवे नाव शोधले नाही. ज्या तालुकदार शब्दाने शेतकऱ्यांच्या अंगावर काटा येत असे तोच शब्द त्यांनी ठेवला आणि त्याच्या पोटातील अर्थ पार पालटून टाकला. काल जो तालुकदार बोलीने येत होता तो आज नेमणुकीने आला. काल त्याचे उत्पन्न रयतेच्या पिळवणुकीवर होते, आज ते खजिन्यातून येऊ लागले. काल त्याच्यापुढे दुसरी पायरी नव्हती, आज सोयमचा दुय्यम आणि दुय्यमचा अव्वल होण्याची वाट मोकळी झाली. एका सुशिक्षित तरुणाने १८५० साली तालुकदारी पत्करणे आणि १८७० साली तालुकदारी पत्करणे या दोन अगदी भिन्न गोष्टी होत्या, यद्यपि त्याच्या सासुरवाडीस कळविण्याचा शब्द एकच होता.

यातून जो बोध निघतो तो आजच्या काळासही लागू पडतो. हुद्द्याचे नाव ऐकून त्याविषयी आपण जी कल्पना करतो ती बहुधा मागच्या पिढीची असते. वडिलांच्या तरुणपणी ज्या व्यवस्थापकाच्या हाताखाली शंभर माणसे असत त्याच नावाच्या आजच्या व्यवस्थापकाच्या हाताखाली कदाचित एकही मनुष्य नसेल. आणि त्या काळी ज्या नावास कोणी विचारीत नसे त्याच नावाचा मनुष्य आज मोठा कारभार हाकीत असेल. म्हणून वडीलधाऱ्यांचा उपदेश ऐकावा, परंतु त्यांनी वापरलेल्या शब्दांचा आजचा अर्थ आपण स्वतः चौकशी करून ठरवावा.

चौथा दाखला सर्वांच्या परिचयाचा, किंबहुना पुष्कळ वाचकांच्या घरातलाच आहे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी हे शब्द आज आपण आडनावे म्हणून वापरतो. ते मूळचे हुद्दे होत. परगण्याचा वसूल देशमुखाने करावा, त्याचा हिशेब देशपांड्याने ठेवावा. गावचा कारभार पाटलाने पाहावा, गावचे दप्तर कुलकर्ण्याने लिहावे, आणि त्याबद्दल वंशपरंपरेने जमीन, हक्क व मानपान घ्यावे, अशी ही वतनाची व्यवस्था होती. या मुलखात पाटलाचेही दोन भाग असत; सारा पाहणारा माली पाटील आणि बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील. तुळजापूरच्या देवस्थानातही भोपे, पाळीकर, उपाध्ये, महंत या नावांमागे अशाच विवक्षित सेवा आणि त्या सेवांचे हक्क उभे आहेत. तेव्हा हुद्द्याचे नाव मनुष्यास किती घट्ट चिकटते हे महाराष्ट्रास कोणी शिकविण्याची गरज नाही.

जिल्हाबंदीनंतर पगारी तालुकदार व तहसीलदार आले, आणि देशमुख-देशपांड्यांकडील वसुलाचे काम गेले. सरकारने त्यांस काढून टाकले नाही. कामाच्या बदली रुसूम म्हणून रोख नेमणूक बांधून दिली. त्या दिवशी अनेक घरांत समाधान झाले असेल, कारण दगदग गेली आणि मान राहिला. परंतु काम गेल्यावर नेमणूक किती दिवस टिकणार? विसाव्या शतकाच्या मध्यात जमाना पालटला, जहागिऱ्या गेल्या, रुसूम गेले, गावचे वंशपरंपरागत कारभारही कायद्याने संपले. मागे राहिले ते नाव. त्या नावाची किंमत शून्य झाली असे आम्ही म्हणणार नाही. लग्नाच्या बैठकीत आणि निवडणुकीच्या मैदानात ते अद्याप उपयोगी पडते. परंतु ज्या घरांनी त्या नावावर विसंबून मुलांस विद्या दिली नाही ती मागे पडली, आणि ज्या घरांनी नाव असो वा नसो, मुलांस लेखणी व हिशेब शिकविला ती नव्या कचेऱ्यांत शिरली. काम काढून घेऊन नाव शिल्लक ठेवणे हा अधिकार काढून घेण्याचा सर्वांत सभ्य मार्ग होय. आजच्या पेढ्यांत आणि कंपन्यांतही एखाद्या जुन्या नोकरास मोठ्या नावाची खुर्ची देऊन त्याच्यापुढचे कागद हळूच दुसरीकडे वळविले जातात. अशा वेळी अभिनंदनाचे पेढे वाटण्यापूर्वी देशमुखांच्या रुसुमाची आठवण करावी.

नाव देणे मालकास स्वस्त पडते, हेही विसरून चालणार नाही. हैदराबादच्या दरबारात किताबांची एक लांबलचक शिडीच होती. खान, खानबहादूर, जंग, दौला, मुल्क, उमरा आणि अखेर जाह. इंग्रजांनी रावसाहेब, रावबहादूर हे किताब आमच्या लोकांस मुक्तहस्ताने वाटले. किताबाने मनुष्य संतुष्ट होतो आणि खजिन्यास तोशीस लागत नाही, हे दोन्ही राजवटींस उत्तम ठाऊक होते. ‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आमच्या बायकांनी उगीच रचलेली नाही. पगार वाढवून मागावयास गेलेल्या मनुष्यास जेव्हा मालक प्रसन्न मुद्रेने नवा हुद्दा देऊ करतो तेव्हा त्याने प्रथम आपल्या हातातील वाळा तपासावा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग पहिल्याच पक्षाचे म्हणणे खरे ठरले. हुद्दा ही पाटी, पगार हेच सत्य. आम्हांस हे मान्य नाही. परंड्याचा दाखला याच्या विरुद्ध बोलतो. राजूचे उदाहरण प्रत्येक कचेरीत सापडते. वरच्या जागेचे सर्व काम वर्षानुवर्षे करणारा, परंतु कागदोपत्री खालच्याच नावाने ओळखला जाणारा कर्तबगार मनुष्य आपण सर्वांनी पाहिला आहे. कामावर असलेल्या स्त्रियांच्या वाट्यास तर हे विशेष येते. जबाबदारी मुख्याची आणि नाव मदतनिसाचे. घरात सर्वांस तिची योग्यता ठाऊक असते, कचेरीतही असते. परंतु ती जेव्हा दुसऱ्या गावी, दुसऱ्या मालकाकडे जाते तेव्हा त्या मालकाने तिचे काम पाहिलेले नसते. त्याच्यासमोर फक्त हुद्दा असतो. जेथे आपणांस ओळखतात तेथे कामाने किंमत होते. जेथे ओळखत नाहीत तेथे पहिली किंमत नावाने होते, आणि बढतीचा मार्ग बहुधा अनोळखी माणसांच्या दारावरूनच जातो. म्हणून केलेल्या कामास साजेसे नाव मागणे हा गर्व नव्हे; तो आपल्या श्रमाचा दस्तऐवज मागणे होय. अंबरास ही गोष्ट कळली होती.

तेव्हा दोन्ही पक्षांस आमचे सांगणे असे आहे. हुद्दा मागावा, परंतु अधिकाराच्या मोबदल्यात तो घेऊ नये, आणि पगाराच्या मोबदल्यात तर त्याहूनही घेऊ नये. बोलणी करताना प्रथम काम ठरवावे: कोणत्या कागदावर आपली सही चालेल, कोणती माणसे आपणांस जबाबदार राहतील, आपण कोणास जबाबदार राहू, आणि किती खर्च आपल्या शब्दावर होऊ शकेल. त्यानंतर वेतन ठरवावे. मग या खुर्चीवरून पुढे कोठे जाता येते आणि यापूर्वी तीवर बसलेले कोठे गेले, हे विचारावे. टेलर यांच्या मागची भिंत या एका प्रश्नाने उघडी पडली असती. आणि सर्वांत शेवटी, परंतु न चुकता, या कामास शोभेल आणि बाहेरच्या मनुष्यास कळेल असे नाव मागावे. ही शेवटची मागणी मालकास फुकट पडते; म्हणून आधीचे तीन मुद्दे पक्के झाल्यावर ती नाकारण्यास त्याजजवळ सहसा कारण उरत नाही. क्रम उलटा केला तर मात्र नाव मिळून बाकीच्या गोष्टी राहून जाण्याचा संभव फार.

शिवाय, हुद्दा कोणताही असो, आपल्या कामाचे तक्ते आपल्याजवळ असावेत. नळदुर्गाच्या डेप्युटी कमिशनरास करारनाम्याने हात दिला नाही तो त्यांच्या कामाच्या नोंदींनी दिला. ज्यास जिना नाही त्याने पायऱ्या स्वतः रचाव्या लागतात, आणि त्या नोंदींच्याच असतात.

या जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यास मक्तेदार तालुकदार, डेप्युटी कमिशनर, अव्वल तालुकदार अशी नावे मिळाली. १९४८ नंतर तो कलेक्टर झाला आणि आता त्यास जिल्हाधिकारी म्हणतात. जिल्ह्याचे स्वतःचे नावही नळदुर्ग, उस्मानाबाद असे फिरत २०२३ पासून अधिकृतपणे धाराशिव झाले आहे. नावे बदलण्याचा उत्साह सर्व राजवटींस सारखाच होता. परंतु परगावाहून अर्ज घेऊन येणारा शेतकरी त्या खुर्चीस आजही जे विचारतो तेच त्याच्या खापरपणजोबाने मक्तेदारास विचारले असेल: साहेब, हे काम आपल्या हातात आहे की नाही? नवी नोकरी पत्करणाऱ्या प्रत्येकाने हाच प्रश्न रुजू होण्यापूर्वी आपल्या मालकास विचारावा. त्याचे उत्तर समाधानकारक मिळाले तर हुद्द्याच्या नावासाठी खुशाल भांडावे. ते भांडण करण्याजोगे आहे.